गहू त्यांचा, मका आपला

लघमान प्रांतातल्या माणसाशी व्यवहार करायचा तर सैतानसुद्धा दोनदा विचार करतो, असं आमच्याकडे म्हणतात. फार पूर्वी त्यानं एका लघमान्याबरोबर वाट्यानं शेती केली होती. पहिल्या वर्षी सैतान म्हणाला, जमिनीवरचं सगळं माझं. लघमान्यानं कांदे लावले. दुसऱ्या वर्षी तो शहाणा झाला आणि म्हणाला, जमिनीखालचं माझं. लघमान्यानं भात लावला. तेव्हापासून सैतानानं अलिंगार नदीच्या या काठाला यायचं सोडलं, आणि त्याची उणीव माणसांनी भरून काढली.

बख्तावरा याच काठावरची. बुटकी, दणकट, दोन्ही हातांचे केस तंदूरच्या धगीनं कायमचे जळालेले. सगळं गाव तिला बख्तो आदे म्हणायचं. आदे म्हणजे आई, पण आमच्याकडे पांढऱ्या केसांची कुठलीही बाई आदेच असते. तिच्या अंगणातल्या तंदूरवर शेजारच्या चार घरांच्या बायका आपापली कणीक घेऊन यायच्या, आणि नान भाजून होईपर्यंत गावातल्या प्रत्येक घराची हजेरी तिथे लागायची. बख्तावरा कुणाला सोडत नसे. मशिदीतले मुल्लासुद्धा तिच्या भिंतीजवळून जाताना घसा खाकरून, पाय उचलून चालत.

पण तिची खरी ख्याती जिभेसाठी नव्हती, शब्दासाठी होती. एकदा शेजारणीनं तिची कोंबडी नेली म्हणून तिनं शपथ घेतली, कोंबडी परत येईपर्यंत तुझा उंबरा ओलांडणार नाही. पुढे कळलं की कोंबडी शेजारणीनं नेलीच नव्हती, ती पाटात बुडून मेली होती. दोघींची दिलजमाई झाली, गळाभेट झाली, रडणं झालं. पण मेलेली कोंबडी परत येणार कशी? मग बख्तावरा त्या घरात पुन्हा कधी गेली नाही. शेजारणीच्या मुलीच्या लग्नात ती दाराबाहेर बाज टाकून बसली आणि तिथूनच सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणी म्हणाली.

हे वेड तिला बापाकडून आलं होतं. तिचं लहानपण पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत गेलं. तिथे परक्यांचं पीठ, परक्यांचं तेल. बाप रोज सांगायचा, "पोरी, ज्याचं मीठ खाल्लं त्याची अट पाळायची. अट पटत नसेल तर हात मागे घ्यायचा, पण घास गिळून अट थुंकायची नाही." बाप छावणीतच गेला. त्यानं मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे हे एक वाक्य, आणि बख्तावरानं ती जपून ठेवली.

नवरा भातखाचरात उभ्या उभ्या गेला. थोरला मुलगा इराणात इमारतींवर विटा वाहायचा आणि जमेल तेव्हा पैसे पाठवायचा. त्याची बायको मस्तुरा आणि त्यांच्या तीन मुली बख्तावराजवळ. आणि धाकटा नेकमोहम्मद, म्हणजे नेको. हे शेंडेफळ तिचं नको इतकं लाडकं. आणि या शेंडेफळानंच घात केला. सरकार बदललं त्या वर्षी मित्रांबरोबर मोटारसायकलवर बसून तो जो गेला, तो तालिब होऊनच आला. पुलावरच्या चौकीवर त्याला बंदूक मिळाली. काम काय, तर जाणाऱ्या गाड्यांना थांबवायचं आणि मग जाऊ द्यायचं.

"एवढंच करायचं होतं तर आपला बैल काय वाईट होता?" बख्तावरानं त्याला विचारलं होतं. "तोही रस्त्यात उभा राहून गाड्या अडवतो. पगारही मागत नाही."

नेको हसला होता. बख्तावरा मात्र तंदूरमागे जाऊन रडली होती. त्याच शरदात गावातली मुलींची वरची शाळा बंद झाली, आणि दारावर ज्या फळ्या ठोकल्या गेल्या त्या ठोकणाऱ्यांत नेकोचे दोस्त होते. थोरली नात ब्रेशना दप्तर घेऊन गेली आणि तशीच परत आली. नेको त्या दिवशी चौकीवर होता, फळ्या ठोकायला नव्हता, हे त्यानं चारचारदा सांगितलं. त्या दिवसापासून बख्तावराला एकच हवं होतं. पोरानं बंदूक ठेवावी आणि घरी यावं. तिनं रागावून पाहिलं, रुसून पाहिलं, दोनदा आजारी पडून पाहिलं. नेको दर गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा, पोटभर जेवायचा, शुक्रवारी झोपायचा आणि शनिवारी पहाटे चौकीवर जायचा.

अशात हिवाळ्यात पिठाचं वाटप आलं.

मशिदीच्या अंगणात पोत्यांची रास लागली. वाटप करायला जलालाबादहून इस्मतुल्ला नावाचा पोरगा आला होता. आमच्याकडे परदेशी संस्थेत काम करणारा कोणीही इंजिनियर असतो, मग त्यानं आयुष्यात विटेला हात लावलेला नसला तरी चालतं. तर हे इंजिनियरसाहेब पोत्यावर उभे राहिले आणि म्हणाले की हे पीठ ज्यांनी पाठवलं त्यांच्या देशाच्या मोठ्या जिरग्यानं, म्हणजे पंचायतीनं, कायदा केला आहे. यातला एक दाणाही हत्यारबंद गटाच्या माणसाच्या पोटात जाता कामा नये. ज्या घरातून गेला ते घर बंद, आणि फार झालं तर गावच बंद.

अंगणातल्या सगळ्या पुरुषांनी गंभीरपणे माना हलवल्या. त्यात दोघांचे भाऊ चौकीवर होते, एकाचा जावई, आणि एकजण तर स्वतःच चौकीवरून सुट्टी काढून पीठ न्यायला आला होता. त्यानंही मान हलवली. कायदा म्हणजे पोत्याबरोबर येणारी सुतळी, असाच सगळ्यांचा समज. सोडायची, गुंडाळायची आणि खिशात टाकायची.

बायका भिंतीपलीकडे बसल्या होत्या. तिकडून बख्तावराचा आवाज आला. "इंजिनियर बाळा, गटाचा माणूस पोटचा पोरगा असला तर?"

 इस्मतुल्लानं कागद पुन्हा पाहिला. "आदे, यात मुलाचं काही लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय?"

"एक दाणाही नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे मुलालाही नाही."

"तसं... म्हणजे, हो. तसंच होतं ते." बिचारा घामाघूम झाला. "पण आदे, घरातल्या घरात कोण बघायला येतंय?"

"मला बघायला तू कशाला पाहिजेस? दे इकडे, कुठे अंगठा लावायचा?" आणि भिंतीवरून एक हात बाहेर आला.

गाव हसलं. म्हणालं, म्हातारीची नेहमीची चेष्टा. पण मस्तुरा हसली नाही. सासूनं घरी येऊन रिकामा रांजण धुतला, उन्हात वाळवला, त्यात ते पीठ भरलं आणि मक्याच्या पिठाचं मडकं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, तेव्हाच सुनेनं ओळखलं की आता गुरुवार काही सुखाचा जात नाही.

गुरुवारी संध्याकाळी नेको आला. अंगणात पाऊल टाकताच गव्हाच्या ताज्या नानचा वास आला, आणि तो हातपाय न धुताच जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर बसला. बख्तावरानं त्याच्यासमोर दुसरं कापड अंथरलं. त्यावर मक्याची भाकरी ठेवली, पालेभाजी ठेवली, ताकाचा वाडगा ठेवला. स्वतः मस्तुरा आणि नातींबरोबर गव्हाच्या नानला बसली.

"हे काय, आदे?"

"भाकरी. मक्याची. आपल्या शेतातली."

"आणि ते?"

"ते त्यांचं. गहू त्यांचा, मका आपला. त्यांचा कायदा आहे, तुमच्या गटाच्या पोटात दाणा जाता कामा नये."

नेको मोठ्यानं हसला आणि त्यानं नानकडे हात नेला. बख्तावरानं हातावर चापट मारली. लहानपणी मारायची तशी नाही, चांगली सणसणीत.

"अगं, मी तुझा मुलगा आहे."

"तर. नऊ महिने पोटात वाढवलाय, मला काय सांगतोस? तू माझा आहेस, पण पीठ माझं नाही. मीठ खाल्लंय मी त्यांचं."

"ते काफर आहेत."

"मग काफराचं पीठ तुला कशाला पाहिजे? तू मका खा, मका पक्का मुसलमान आहे."

ब्रेशनाला ठसका लागला. मस्तुरानं पदरात तोंड लपवलं. नेको लालबुंद झाला. "तू देऊ नकोस. मी माझ्या हातानं घेतो."

"घे की. म्हणजे ती लूट झाली. मग मी सांगेन, माझ्या पोरानं बंदूक घेऊन आईची भाकरी लुटली. बस सगळ्या जिल्ह्यात तोंड लपवत." मग तिचा आवाज खाली आला. "नेको, सोपं आहे रे. कायदा गटाच्या माणसाला आहे, माझ्या पोराला नाही. बंदूक चौकीवरच्या कारीसाहेबाला परत कर, आणि ये. हे सगळं नान तुझं."

नेकोनं मक्याची भाकरी खाल्ली. रागानं खाल्ली, पण तीन खाल्ल्या. त्या रात्री बख्तावराच्या मनात आलं की आपण फार कठोर वागलो. पोराच्या ताटात भेद करणारी आई दोजखात जाते, असं तिची आईच म्हणायची. पण दुसरं मन म्हणत होतं, रागावून रुसून जे जमलं नाही ते कदाचित या परक्या कायद्यानं जमेल. देवानं हत्यार हातात आयतं दिलंय तर टाकायचं कशाला?

तर असे गुरुवार येत राहिले आणि मका शिजत राहिला. गोष्ट चौकीवर पोचायला वेळ लागला नाही. दोस्तांनी नेकोचं नाव मकेखान ठेवलं. कोणी त्याला पुलावरून जाताना कणीस फेकून मारलं. तंदूरवर बायकांत वाद पेटले. अर्ध्या म्हणत, बख्तोचं डोकं फिरलं. बाकीच्या अर्ध्या घरी जाऊन चौकीवरच्या दिराला, भावाला हळूच म्हणत, "बघ हं, कायदा आहे," आणि हातातलं नान मागे घेत. ते पुन्हा द्यायच्या ती गोष्ट वेगळी. पण द्यायच्या आधी लाकडं फोडून घ्यायच्या. चौकीवरच्या लोकांनी त्या वर्षी जितकी लाकडं फोडली तितकी कधी फोडली नसतील.

मग फोन आला. पीठ नीट पोचलं का हे विचारायला संस्थेची एक मुलगी काबूलहून फोन करायची. कचेरीत मुलींना मनाई, म्हणून ती आपल्या घरातूनच काम करत असे, मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची. सगळं गाव तिच्या प्रश्नांना एका दमात "नाही, नाही, नाही" असं उत्तर देऊन मोकळं व्हायचं. बख्तावरानं मात्र आधी तिच्या आईबापांची, भावंडांची, गुडघेदुखीची चौकशी केली आणि मग म्हणाली, "हं, विचार."

"हत्यारबंद माणसानं तुमच्याकडे पिठात वाटा मागितला का?"

"मागितला ना. दर गुरुवारी मागतो."

 "कोण, आदे?"

"माझा पोरगा."

"मग तुम्ही... दिलात?"

"छे. मक्याची भाकरी घातली."

"त्यानं काही धाक दाखवला?"

"धाक आहे, पण तो माझा आहे. तो बिचारा काय दाखवणार?"

मुलगी हसली, आणि हसता हसता तिनं जे खरं ते नोंदवलं. झालं. काबूलच्या कचेरीत घंटा वाजली. हत्यारबंद माणसाची मागणी, तीही दर आठवड्याला, तीही त्याच घरात. इस्मतुल्ला दुसऱ्या दिवशी मोटारसायकल दामटत गावात आला. गावच्या मलिकाला, म्हणजे गावाच्या म्होरक्याला, तर कापरं भरलं होतं.

"आदे, फोनवर काय सांगितलंत तुम्ही?"

"खरं सांगितलं."

"खरं कोण सांगतं फोनवर?" मलिक ओरडला. "एवढ्या गावात एकीला खरं सुचावं? तुझ्या मक्यापायी गावाचा गहू जाईल."

 बख्तावरानं इस्मतुल्लाला आत घेतलं, म्हातारीला पडद्याचं बंधन नाही. त्याला दोन रांजण दाखवले, दोन चाळण्या दाखवल्या, दोन पराती दाखवल्या. गव्हाच्या परातीला मक्याचा हात लागू नये म्हणून मस्तुरा एक परात मळायची आणि ती दुसरी. इस्मतुल्ला परातींकडे बघत उभा राहिला. मग त्यानं मोबाईलवर फोटो काढले, आणि गुळाबरोबर दोन प्याले चहा घेऊन गेला. पुढे कळलं की ते फोटो फार वर गेले. मोठ्या साहेबांनी म्हणे बैठकीत सांगितलं की कायदा कसा पाळावा ते या गावाकडून शिका. मलिकानं लगेच ती सगळी आपलीच शिस्त असल्याचं जाहीर केलं.

आता चौकीच्या मुख्याला, कारीसाहेबांना, गप्प बसणं शक्य नव्हतं. आपल्या माणसाला गावात मकेखान म्हणतात, ही नाही म्हटलं तरी चौकीची बेअब्रू. शहतूत पिकायच्या दिवसांत ते एका शुक्रवारी मलिकाला घेऊन बख्तावराच्या दारी आले. पाहुणा दारात आला, मग तो कोणी असो. बख्तावरानं आपली एकुलती एक अंडी देणारी कोंबडी कापली. आपल्या खाचरातला तांदूळ शिजवला, आपल्या गाईचं दही काढलं, आणि आपल्या मक्याच्या भाकऱ्या भाजल्या. ओसरीवर पाहुण्यांची पंगत बसली. नेको वाढायला होता. कारीसाहेबांचा मान म्हणून ती दाराआड बसली.

कारीसाहेब भला माणूस, पोट सुटलेला, दाढी मेंदीनं लाल. भाकरी तोडत म्हणाले, "आदे, मी तुमच्याशी भांडायला आलोय."

"आधी जेवा. उपाशी माणसाला नीट भांडता येत नाही."

ते जेवले. दोनदा भात घेतला, भाकरी मागून घेतली, कोंबडीचं हाड चोखून चोखून पांढरं केलं. मलिक त्यांच्याहून हळू खात होता, कारण बाई काही बोलत नव्हती आणि तिचं न बोलणं त्याच्या ओळखीचं नव्हतं.

हात धुऊन झाल्यावर आतून आवाज आला. "पोट भरलं, कारीसाहेब?"

"भरलं. अल्लाह बरकत देवो."

"मीठ बरोबर होतं?"

"अगदी बरोबर."

"मग आता माझी अट ऐका."

चहाचा प्याला कारीसाहेबांच्या ओठापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी मलिकाकडे पाहिलं. मलिक शहतुताच्या झाडाकडे पाहत होता.

"मी परक्यांचं मीठ खाल्लं, त्यांची अट पाळली," बख्तावरा म्हणाली. "पोटच्या पोराला दूर ठेवलं. ते कोण, कुठले, मी पाहिलेही नाहीत. तुम्ही तर आपले. माझं मीठ तुमच्या पोटात आहे. माझा पोरगा मला द्या. भाताची लावणी तोंडावर आलीय, घरात दुसरा पुरुष नाही."

 मग कारीसाहेबांचं पोट आधी हललं आणि नंतर ते हसू लागले. "माझी आई इथल्याच अलिशंगची होती. लघमानच्या बाईच्या घरी जेवायच्या आधी विचार करायला हवा, हे मला कळायला पाहिजे होतं." त्यांनी प्याला खाली ठेवला. "न्या तुमचा पोरगा. त्याच्या जागेसाठी चौकीवर दहाजण उभे आहेत. नेको, तुझं काय म्हणणं?"

नेको हातात भाताचं ताट घेऊन उभा होता. मकेखान म्हणवून घ्यायचा त्यालाही कंटाळा आला असावा. खाली बघत म्हणाला, "लावणी तर करायलाच हवी."

बंदूक गेली. तो गुरुवार गावानं पाहिला. बख्तावरानं गव्हाची परात मळली, आणि नान भाजू लागली तेव्हा भिंतीवरून बायकांची डोकी आणि गच्चीवरून पोरांची डोकी डोकावत होती. नेकोनं पहिला घास घेतला. "कसं आहे?" मलिकानं रस्त्यावरून विचारलं. नेको म्हणाला, "मका बरा होता," आणि पुढचे नान इतक्या वेगानं संपवले की मस्तुरानं पुन्हा कणीक भिजवली. बख्तावरा त्याच्याकडे बघत बसली होती. जन्मात कधी झाली नव्हती इतकी ती सुखी होती, आणि आपण सुखी आहोत हे तिनं तंदूरवर येईल त्या प्रत्येक बाईला सांगितलं.

लावणी झाली. नेको चिखलात गुडघाभर उभा राहून गाणी म्हणायचा. संध्याकाळी ब्रेशनाला बाजेवर बसवून जुन्या पुस्तकातली गणितं घालायचा आणि स्वतःच चुकवायचा. ब्रेशना त्याच्या पाटीवर फुली मारायची.

आणि भर उन्हाळ्यात इस्मतुल्ला आला. या वेळी पोती नव्हती, मोटारसायकलही नव्हती. भाड्याच्या गाडीतून पुलावर उतरून चालत आला होता. बाजेच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "आदे, बंद झालं."

"काय बंद झालं?"

"सगळं. तिकडच्या जिरग्यात पुन्हा चर्चा झाली. दाणा त्यांच्या हातात जात नाही याची पक्की खात्री कोणी देऊ शकत नाही, असं ठरलं. मग पीठच बंद. माझी नोकरी पण."

"पण आपल्या गावातून तर दाणा गेला नाही."

"मी सांगितलं. फोटोही दाखवले." तो चहाकडे बघत राहिला. "फार छान आहेत म्हणाले."

बख्तावरानं त्याला जेवायला थांबवलं, जाताना शिदोरीला गूळ बांधून दिला. तो गेल्यावर तिनं गव्हाचा रांजण वाकवून पाहिला. तळाशी पीठ होतं, पण ते रांजणाच्या तळाशी असतं तेवढंच. मक्याचं मडकं तर नेको घरी राहायला लागल्यापासून संपतच आलं होतं. भात शेतात हिरवा उभा होता, पण हिरव्या भाताची कापणी होत नाही. इराणातून दोन महिने काही आलं नव्हतं, तिथून आपल्या लोकांना हाकलताहेत असं ऐकू येत होतं.

नेकोनं काम शोधलं. वीटभट्टीवर गेला, तिथे इराणातून परतलेल्यांची रांग होती. मेहतरलामच्या बाजारात हमाली करून पाहिली. चार दिवस काम मिळायचं, दहा दिवस नाही. मस्तुरा पहिल्यांदा मुलींच्या वाटच्या भाकरीचे तुकडे करू लागली, आणि स्वतः जेवून झाल्याचं खोटं सांगू लागली. बख्तावराही तेच खोटं सांगत होती, म्हणून दोघींनी एकमेकींना पकडलं नाही.

एका शनिवारी पहाटे नेको न सांगता गेला. कुठे गेला ते बख्तावरानं विचारलं नाही, मस्तुरानं सांगितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला. नेको आत आला, खांद्यावर बंदूक होती आणि मागे कॅरियरवर गव्हाच्या पिठाचं पोतं. कारीसाहेबांनी त्याला परत घेतलं होतं, आगाऊ पगारही दिला होता.

 बख्तावरानं पोतं उसवलं, कणीक भिजवली, तंदूर पेटवला. एकच परात, एकच चाळणी. नान भाजून झाल्यावर एकच दस्तरखान अंथरलं गेलं, सगळे त्याभोवती बसले. नातींचं खाणं बघवत नव्हतं इतकं भराभर चाललं होतं. नेकोनं एक नान तोडून आईसमोर ठेवलं.

"आदे, खा."

"ज्याचं मीठ खाते त्याची अट पाळते मी. तुला ठाऊक आहे. तुझी अट काय?"

"माझी कसली अट? मी तुझा मुलगा आहे."

"तुझी नसेल. पीठ तुझं नाही ना. पगार ज्यांनी दिला त्यांची काय अट?"

नेको नानच्या तुकड्याकडे बघत राहिला. थट्टा सुचेना तेव्हा तो खरं बोलला. "शनिवारी परत यायचं. आणि पुन्हा लावणीबिवणी म्हणून सुट्टी मागायची नाही."

बख्तावरानं ब्रेशनाकडे पाहिलं. पोरगी बोटानं ताटातले कण गोळा करत होती. मग तिनं नान उचललं, ताकात बुडवलं आणि घास घेतला. चांगलं होतं नान. तिला फार रडू आलं, आणि ती रडत रडतच ते सबंध नान जेवली.

शनिवारी पहाटे नेको गाढ झोपला होता. तिनंच त्याला हलवून उठवलं. "ऊठ बाळा," ती म्हणाली, "उशीर होईल."